गव्हर्नराच्या नावाची माकुडी

शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड ही नावे इतिहासाच्या वाचकाला नवी नाहीत. त्यांच्याच कड्यांच्या कपारींत शिंदळ माकुडी वाढते, हे मात्र क्वचितच लिहिले जाते. मांसल दांडा, किरमिजी पाकळ्यांवर पिवळे ठिपके असलेले चांदणीसारखे छोटे फूल. इतर माकुड्या जवळजवळ निष्पर्ण. हिला पावसाळ्यात चांगली भरघोस पाने येतात.

वनाधिकारी डाल्झेल याने गिब्सनबरोबर १८६१ मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ काढला. पुढे तीनेक वर्षांनी, जुन्नरकडच्या डोंगरांत सापडलेल्या या वनस्पतीसाठी त्याने नवी प्रजातीच मांडली : फ्रेरिया इंडिका. सर बार्टल फ्रेअर तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता. मुंबईच्या कोटाची तटबंदी पाडली गेली ती याच्याच कारकिर्दीत. तट पाडणाऱ्याचे नाव गडावरच्या फुलाला मिळाले!

नंतरच्या संशोधकांनी फ्रेरिया मोडून तिला बौसेरोसिया प्रजातीत घातले. तेथे ‘इंडिका’ हे नाव आधीच दुसरीला दिलेले होते, म्हणून हिचे ‘बौसेरोसिया फ्रेरेई’ झाले. देशाचे नाव गेले, साहेबाचे राहिले. अर्थात आपण दिलेले नावही काही गौरवाचे नाही. शिंदळ म्हणजे व्यभिचारिणी. पानांचा तोरा कोणाला खुपला असेल काय?

शत्रू चढू नये असा कडा पाहून गड बांधले. त्या कड्यावर शेळीही सहसा पोचत नाही. खालच्या उतारांवर चराई आणि वणवे. माकुडी उरली आहे ती वर, उभ्या कातळात.