ओठांवरचं मनन

'मनन' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गप्प बसलेला, डोळे मिटलेला माणूस येतो. ख्रिस्ती परंपरेत शास्त्रवचनांचं मनन मात्र कित्येक शतकं आवाजाचं होतं. पहिल्या स्तोत्रात देवाच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करणाऱ्याला धन्य म्हटलं आहे. तिथलं हिब्रू क्रियापद आहे 'हागा'. यशयाच्या ग्रंथात हेच क्रियापद सिंहाच्या गुरगुरण्यासाठी आणि पारव्याच्या घुमण्यासाठी येतं. म्हणजे मनन करणारा पुटपुटत होता.

ही रीत पुढे मठांमध्येही दिसते. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत, ४८व्या प्रकरणात, कामाच्या जोडीला वाचनाचे तास बांधून दिले आहेत. दुपारच्या विश्रांतीत कुणाला वाचायचंच असेल, तर इतरांना त्रास न होईल असं वाचावं, असंही तिथे सांगितलं आहे. एरवी वाचन ऐकू येत असे, म्हणून तर ही ताकीद! बाराव्या शतकात दुसरा गीगो या कार्थुसियन साधूने चार पायऱ्या मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. वाचन म्हणजे घास तोंडात घेणं, मनन म्हणजे तो चावणं. आपण ज्याला रवंथ म्हणतो, तेच हे.

पण ज्याला लॅटिन येत नाही, त्याने चावायचं काय? हा प्रश्न गोव्यात फार टोकदार झाला. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले आणि पुढे साष्टीत राहिले. तिथल्या नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं बंद झाली होती, आणि त्या जागी हाती काहीच नव्हतं. १६१६ मध्ये रायतूरला छापलेलं 'क्रिस्तपुराण' ही त्यांची भूक ओळखून लिहिलेलं आहे. बायबलमधली कथा, मराठी भाषा, सुमारे अकरा हजार ओव्या.

ओवीच का? कारण ती कानाने शिकता येते. तीन चरण यमकाने जुळतात, चौथा आखूड असतो. तिथे म्हणणारा क्षणभर थांबतो. अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा कामं करताना ती घोळवू शकते. बेनेडिक्टच्या मठात ज्यासाठी ग्रंथ आणि राखून ठेवलेले तास लागत, ते इथे पाठांतरावर होऊ शकत होतं.

१६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडण्याचा हुकूम काढला. 'क्रिस्तपुराणा'च्या त्या काळच्या छापील प्रती आज मिळत नाहीत. पण गोव्यातून कानडा किनाऱ्याकडे गेलेल्या ख्रिस्ती लोकांमध्ये हस्तलिखितं टिकली, आणि त्यांच्याच आधारे १९०७ मध्ये मंगळूरला जे. एल. साल्ढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला. हाताने एवढा मोठा ग्रंथ उतरवून घेण्याचे कष्ट माणसं कशासाठी घेतात? आम्हांला वाटतं, जे रोज तोंडात असतं, त्यासाठीच.