जामनेरचें स्थानक आणि पुठ्ठ्याची प्रतिकृति

अमेरिकेच्या पश्चिम प्रांतांतील घोडेस्वारांचे चित्रपट पाहून त्यांतलें एखादें आवडतें रेल्वेस्थानक पुठ्ठ्यालाकडाचें, प्रमाणबद्ध उभें करण्याचा छंद पुष्कळांस असतो. परंतु पडद्यावरची ती इमारत बहुधा दर्शनी भिंतीपुरतीच. मागें नुसते टेकू. तिची पाठ कल्पनेनेंच बांधावी लागते. जामनेरकरांस असल्या कल्पनेची गरज नाहीं, असें आम्हांस वाटतें. पाचोऱ्याहून येणारी आपली छोटी रेल्वे १९१८-१९ च्या सुमारास सुरू झाली. लांबी सुमारें ५६ किलोमीटर, रुळांतील अंतर अवघें अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. शंभरास एक हें प्रमाण धरिलें कीं रूळ ७.६२ मिलिमीटरांवर बसतात, आणि सहाफुटी दार सव्वाअठरा मिलिमीटरांचें होतें. छायाचित्रावरून काम करणारास असलें दारच मोजपट्टी. पण चित्र तिरकें असलें कीं दूरची खिडकी आखूड दिसून फसविते. त्यापेक्षां फीत घेऊन मोजणें बरें, आणि तें लौकर. गाडी २०२० पासून बंद पडली. रुंद मार्गाचा बेत मंजूर झाला आहे. अडीच फुटांचा आंकडा ग्रंथांत राहील. छपराचा उतार, खिडकीची उंची, फलाटाची पायरी कोण टिपून ठेवणार? जें अजून उभें असेल, तें आम्ही या हिंवाळ्यांतच मोजणार आहों.