लंडनचा हिवाळी धूर आणि १९५२ चे धुरके : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

महानगरांच्या हवेतील काजळी व सूक्ष्म कणांचे प्रमाण ऋतुमानानुसार बदलते, ही बाब आज सर्वमान्य आहे. परंतु मृत्यूचे कारण ठरविताना हाच ऋतू प्रशासनाच्या सोयीचा कसा ठरतो, हे लंडनच्या इतिहासावरून दिसून येते.

जॉन इव्हलिन याने १६६१ मध्ये ‘फ्युमिफ्युजियम’ या पुस्तिकेत दगडी कोळशाच्या धुराविषयी तक्रार मांडली. त्याचा रोख चुनाभट्ट्या व मद्यनिर्मात्यांवर होता. घरगुती चुलींना त्याने फारसे दोषी धरले नाही. १८९१ च्या लंडन सार्वजनिक आरोग्य कायद्यानेही कारखान्यांच्या धुरावर बंधने घातली, खासगी घरांची धुराडी मात्र वगळली. वस्तुतः कारखाने बारमाही चालत. हिवाळ्यात त्यांत भर पडे ती घराघरांतील शेगड्यांची. शेगडीभोवती बसणे हे इंग्रजी कुटुंबजीवनाचे प्रतीक होते आणि मतदारांच्या घरात शिरण्यास कोणतेही सरकार धजावत नव्हते.

५ डिसेंबर १९५२ रोजी लंडनवर प्रत्यावर्त स्थिरावला. वारा पडला. जमिनीलगत थंड व वर उष्ण हवा, अशा तापमानाच्या विपरीततेमुळे धूर खालीच साचला. थंडीमुळे कोळसा अधिक जाळला जात होता आणि त्याच थंड, निश्चल हवेत त्याचा धूर कोंडला जात होता. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात धुरके शिरल्याने संगीतिकेचा प्रयोगही थांबवावा लागला.

९ डिसेंबरला धुरके विरले. त्याचे सुमारे ४,००० बळी मोजले गेले. तथापि मृत्यूंचे प्रमाण फेब्रुवारी १९५३ पर्यंत चढेच राहिले. या नंतरच्या मृत्यूंचे खापर सरकारी अहवालाने इन्फ्लुएन्झावर फोडले. हिवाळ्यात माणसे दगावतातच, ही समजूत येथे उपयोगी पडली. मिशेल बेल व डेव्ह्रा डेव्हिस यांनी २००१ मध्ये आकडेवारीची फेरतपासणी केली, तेव्हा अतिरिक्त मृत्यू सुमारे १२,००० असावेत व इन्फ्लुएन्झाने त्यांतील थोड्याच मृत्यूंचा उलगडा होतो, असे त्यांना आढळले.

ह्यू बीव्हर समितीच्या शिफारशींनंतर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा झाला. धूरनियंत्रण क्षेत्रांतील घरगुती धुराडीही त्याच्या कक्षेत आली व शेगड्या बदलण्यासाठी अनुदान मिळू लागले. इव्हलिनच्या पुस्तिकेस तेव्हा २९५ वर्षे झाली होती. मात्र अशी क्षेत्रे जाहीर करणे स्थानिक संस्थांकडे होते व ते काम संथ चालले. डिसेंबर १९६२ मध्ये लंडनवर पुन्हा धुरके पसरले आणि शेकडो माणसे मृत्युमुखी पडली.