वऱ्हाडातील गुलामगिरी आणि पंजाबराव

१८६१ साली गुलामगिरीवरून अमेरिकेत यादवी पेटली. तिकडचा कापूस मँचेस्टरला जाईना, आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ त युद्ध संपले, गुलाम सुटले. इकडे भाव कोसळले आणि शेतकऱ्याच्या गळ्यात सावकाराचा फास आवळला. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या कैवाऱ्यांना अर्पण केला. त्या ग्रंथाचा वऱ्हाडी वारस कोण, असे कोणी विचारले तर मी डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव घेईन.

अमरावती जिल्ह्यातील पापळचा हा शेतकऱ्याचा मुलगा विलायतेत वेदवाङ्मयातील धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून, बॅरिस्टर होऊन परतला, आणि उभा राहिला तो अंबादेवीच्या बंद दारापुढे! ते दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीस परिषद भरली. अध्यक्ष डॉ. आंबेडकर. परिषद चालू असतानाच त्यांचे थोरले बंधू वारल्याची बातमी आली. तरी काम थांबले नाही. पंजाबराव त्यांच्या बाजूने उभे होते. स्पृश्यांतल्या वकिलाने तसे उभे राहणे म्हणजे आपल्याच अशिलांचा रोष ओढवून घेणे.

पण मला त्यांचे मोठे धाडस दिसते ते कर्जलवादाच्या कायद्यात. मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री असताना त्यासाठी ते झगडले. १९३३ साली कायदा झाला. धनको-ऋणको समोरासमोर बसवायचे, तडजोडीने कर्ज उतरवायचे, हप्ते बांधून द्यायचे. सावकाराची वही प्रथमच चारचौघांत उघडली.

१९६५ मध्ये ते वारले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. तेथे कापसाच्या वाणांवर काम चालते. देशी आणि अमेरिकन, दोन्ही.