दुहेरी दुभंग ओठ : मधला तुकडा वाचवण्याचा इतिहास

गर्भाचा वरचा ओठ एक मधला आणि दोन बाजूचे भाग जुळून तयार होतो. हे साधारणपणे चौथ्या ते सातव्या आठवड्यात घडते. दोन्ही सांधे जुळले नाहीत, तर दुहेरी दुभंग ओठ निर्माण होतो. ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही. गंभीर प्रकारात ओठाचा मधला भाग नाकाच्या शेंड्याला लटकतो आणि त्यात स्नायू नसतो. त्यामागचा जबड्याचा तुकडा, म्हणजे प्रीमॅक्सिला, पुढे आलेला असतो. या तुकड्याचे काय करायचे, हा या शस्त्रक्रियेच्या इतिहासातील मुख्य प्रश्न आहे.

पहिले उत्तर होते, तो कापून टाकणे. 16व्या शतकात फ्रान्सच्या पिएर फ्रँको यांनी तसे सुचवले. त्यामुळे ओठ शिवणे सोपे होई; पण पटाशीचे दात जात आणि मूल वाढेल तसा चेहऱ्याचा मध्यभाग खोलगट होई. 18व्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या देसो यांनी पट्टी बांधून तुकडा हळूहळू मागे सरकवला आणि मग ओठ शिवला.

दुसरी अडचण अपुऱ्या ऊतींची होती. तिचे उत्तर समजण्यासाठी पुण्याकडे वळू. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी या गाडीवानाला पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर 1794 मध्ये ही हकिकत छापली. कातडीचा एक देठ मूळ जागी जोडलेला ठेवला, की रक्तपुरवठा चालू राहतो, हे त्यामागचे तत्त्व. 1898 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉबर्ट ॲबे यांनी दुहेरी दुभंगासाठी खालच्या ओठाचा तुकडा, रक्तवाहिनीचा देठ राखून, वरच्या ओठात फिरवला. तत्त्व तेच होते.

1985 मध्ये बोस्टनच्या जॉन मलिकन यांनी सूत्रे मांडली : दोन्ही बाजू सारख्या ठेवा, स्नायूंची टोके मध्यभागी जोडा, मधली कातडी अरुंद ठेवा, लाल ओठाचा मध्य बाजूच्या ऊतींतून घडवा आणि नाकाची कूर्चा त्याच वेळी जागेवर आणा. लवकर वाढणारे भाग लहान ठेवायचे आणि सावकाश वाढणारे किंचित मोठे, हा त्यातला हिशेब. पुलाचे माप बांधल्यावर बदलत नाही. तीन-चार महिन्यांच्या बाळाचा ओठ मात्र पुढे अनेक वर्षे वाढत राहतो.

म्हणून निकालही वर्षानुवर्षे तपासावा लागतो आणि त्यासाठी नोंद एकसारखी हवी. नागपूरचे डॉ. सी. बालकृष्णन यांचे 1975 चे वर्गीकरण इथे उपयोगी पडते : गट 1 ओठ, गट 2 टाळू, गट 3 दोन्ही सलग, सोबत उजवा, डावा की दुहेरी याची नोंद. दोष सारख्याच नावाने नोंदवला, तरच दोन पद्धतींची तुलना न्याय्य ठरते.