जुगारी : गुन्हेगार की रुग्ण?

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

जुगाराचा इतिहास सांगायला बसलेला माणूस बहुधा खेळातच रमतो. फासे कशाचे होते, पत्ते कुठून आले, सट्टा पहिल्यांदा कुणी घेतला, वगैरे. मीही त्यातलं थोडं सांगणारच आहे, कारण ते रंजक आहे. पण आज मला पडलेला प्रश्न जरा वेगळा आहे. जुगाराच्या नादी लागलेल्या माणसाला त्यातून सोडवायचं काम आपल्याकडे कुणाचं मानलं गेलं? राजाचं, पोलिसाचं, वैद्याचं, की फक्त त्याच्या बायकोचं?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त म्हणजे एका जुगाऱ्याचं मनोगत आहे. त्या काळी फासे बेहड्याच्या फळांचे असत; तोच बेहडा, जो आपण त्रिफळाचूर्णात घालतो. हा जुगारी सांगतो की बायको भली होती, तरी आपण तिला गमावलं. सासू तोंड बघत नाही. आई-बाप आणि भाऊ ओळख द्यायला तयार नाहीत. देणेकऱ्यांच्या धास्तीने रात्री तो दुसऱ्याच्या दारी जातो. आता खेळायचं नाही असं ठरवतो आणि फासे पडल्याचा आवाज कानी आला की पाय पुन्हा तिकडेच वळतात. आजच्या मनोविकारतज्ज्ञाने रुग्णाची हकीकत लिहून घ्यावी, इतकं हे नेमकं आहे. त्याला सुचवलेला उपाय मात्र एकच : फासे सोड, शेती कर. सल्ला चांगलाच आहे. पण तो त्याला ठाऊक नव्हता असं थोडंच आहे?

महाभारतातल्या नलराजाची गोष्ट तर आपल्या सगळ्यांच्या परिचयाची. नलाच्या अंगात कली शिरतो आणि तो राज्य हरतो. पुढे ऋतुपर्ण राजा त्याला फाशांची विद्या शिकवतो, तेव्हा कली बाहेर पडून बेहड्याच्याच झाडात शिरतो. इथपर्यंत ती आजारातून बरं होण्याचीच गोष्ट आहे. पण शेवटी नल पुन्हा डाव मांडतो आणि राज्य परत जिंकतो! मला हा शेवट फार धोक्याचा वाटतो. एकच डाव लागू दे, गेलेलं सगळं परत येईल, या आशेवरच तर जुगारी बुडतो.

कौटिल्याला असल्या भावनांशी कर्तव्य नव्हतं. अर्थशास्त्रात त्याने द्यूताध्यक्ष नेमला, खेळ ठरलेल्या जागीच व्हावा असा नियम केला, चोरून खेळणाऱ्याला दंड ठेवला आणि जिंकलेल्या रकमेतले शंभरात पाच सरकारजमा केले. हरणाऱ्याच्या घराचं काय, हा प्रश्न त्या हिशेबात येत नाही.

इंग्रजांनी दुसरी वाट धरली. १८८७ चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे. त्यात अड्डा चालवणारा गुन्हेगार आणि तिथे सापडलेला खेळणाराही गुन्हेगार. खेळ चालू असताना तो अड्ड्यावर सापडला, तर खेळायलाच आला होता असं कायदा धरून चालतो. तसं नसेल तर ते त्याने सिद्ध करायचं. त्या काळची मुंबई पावसावरही पैसे लावत असे, आणि तो सट्टा रोखायला १८९० मध्ये या कायद्यात दुरुस्ती करावी लागली. घोड्यांच्या शर्यतींना मात्र सवलत राहिली. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर लावलेला पैसा कायदेशीर, आणि लालबागच्या जिन्याखाली लावलेला बेकायदा.

जिन्याखालचा हा जुगार म्हणजे मटका. त्याची सुरुवात झाली ती थेट न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून. तिथे बाजार उघडताना आणि बंद होताना जे भाव निघत, ते तारेने मुंबईत येत आणि त्यांच्या आकड्यांवर इथे पैसे लागत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तेव्हाचे. साठीच्या दशकाच्या आरंभी ते भाव येणं थांबलं. पण नाद लागलेली मुंबई थांबणार कशी? १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत स्वतःचाच आकडा काढायला सुरुवात केली, १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला वेगळा मटका काढला. मडक्यातून चिठ्ठी निघे म्हणून मटका; पुढे मडकं गेलं, पत्ते आले, नाव तेच राहिलं.

हिशेब अगदी साधा होता. दहा अंकांपैकी एकावर रुपया लावायचा. लागला तर नऊ मिळायचे. म्हणजे रोज लावणाऱ्याचे सरासरीने रुपयामागे दहा पैसे जाणारच, मग साधूने आकडा दिलेला असो की स्वप्नात साप आलेला असो. माझं लहानपण गिरणगावातल्या एका चाळीत गेलं. आमच्या मजल्यावरचे साचेखात्यातले एक काका रोज चार-आठ आण्यांची चिठ्ठी लावत. हरल्याचं ते कधी सांगत नसत. ‘एका घराने हुकला’ एवढंच म्हणत. सात लावला आणि आठ आला, की त्यांना आपण हरलो असं नव्हे, जवळ पोचलो असं वाटे. हे थोडक्यात हुकणंच माणसाला पुन्हा खेळायला लावतं, असं पुढे मानसशास्त्राने प्रयोगांतून दाखवलं. काकूंना ते आधीच कळलं होतं. पगाराच्या दिवशी त्या गिरणीच्या दरवाजावर जाऊन उभ्या राहत. उपचार म्हणाल तर तेवढाच होता. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, पगार थांबला आणि दरवाजावर उभं राहायचंही कारण उरलं नाही. काकांचा आकडा मात्र थांबला नाही. काकूंच्या पाटल्या त्याच वर्षी गेल्या.

सरकारची भूमिका या काळात मोठी मौजेची होती. १९६९ मध्ये महाराष्ट्राची स्वतःची लॉटरी निघाली. १९७६ मध्ये कॅसिनोला परवानगी देणारा कायदाही विधिमंडळाने केला. तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्यात मात्र १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना वाट मिळाली, आणि पुढे मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या राहिल्या. एका हाताने छापा घालायचा आणि दुसऱ्या हाताने कर घ्यायचा! कौटिल्य निदान एकाच हाताने काम करत होता.

जुगाऱ्याला रुग्ण म्हणून पाहणं फार उशिरा आलं, आणि तेही परदेशात. १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला ‘गॅम्ब्लर्स अॅनॉनिमस’ची पहिली बैठक झाली. दारू सोडणाऱ्यांच्या गटाप्रमाणेच इथेही जुगारी एकमेकांसमोर बसून बोलू लागले. १९७२ मध्ये डॉ. रॉबर्ट कस्टर यांनी ओहायोतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात जुगाऱ्यांना दाखल करून उपचार सुरू केले. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हा आजार आला, आणि २०१३ मध्ये त्याला दारू आणि मादक पदार्थांच्या व्यसनांच्या पंगतीत बसवलं गेलं. आपल्याकडे १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण उभं राहिलं, त्यानंतर दारुड्याला उपचारांना न्यायचं असतं हे मराठी घरांना हळूहळू पटू लागलं. जुगाराच्या बाबतीत तेवढं अजून पटलेलं नाही. त्याच्या तोंडाला वास येत नाही, तोल जात नाही. घरच्यांना कळतं ते वसुलीवाला दारात आल्यावर.

आता तर अड्ड्यावर जावंच लागत नाही. न्यूयॉर्कचा भाव बाजार चालू असेल त्याच दिवशी यायचा, मटका रात्री दोनदा निघायचा. मोबाइलवर मिनिटामिनिटाला डाव मांडता येऊ लागला. दोन डावांमधलं अंतर जितकं कमी, तितकं माणसाला भानावर यायला सवड कमी. ‘जबाबदारीने खेळा’ हा इशारा जाहिरातीच्या शेवटी इतक्या घाईने वाचला जाई की जलद लोकल बरी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते : शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, त्याची जाहिरात करणाऱ्याला, पैशाची सोय करणाऱ्याला. खेळणाऱ्याला नाही. १८८७ पासून इथवर यायला १३८ वर्षं लागली. बंदीने नाद सुटतो असं मात्र नाही. मटका तर जन्मापासून बेकायदाच होता.

मग घरात असं कुणी असेल तर काय करायचं? डॉक्टर आधी विचारतात ते असं : गेलेले पैसे भरून काढायला पुन्हा लावतोस का? किती लावले ते लपवतोस का? थांबायचं ठरवून थांबता येत नाही का? उत्तरं ‘हो’ आली, तर मर्यादा घालून खेळण्याची वेळ टळून गेलेली असते. मग पूर्ण थांबणंच बरं. पगार आणि खात्याचे व्यवहार काही महिने घरच्या दुसऱ्या माणसाकडे द्यावेत. कर्जाची यादी एका कागदावर, काहीही न लपवता, लिहावी. घरच्यांनी ते कर्ज गुपचूप फेडून टाकू नये. नाहीतर तो पैसा पुढच्या डावाला मोकळा होतो. ‘जगण्यात अर्थ नाही’ अशी भाषा निघाली तर ती धमकी समजू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बोलून, विचारांची सवय बदलून करायचे उपचार यावर लागू पडतात, आणि ते सरकारी रुग्णालयांच्या मनोविकार विभागातही मिळू शकतात. २०२२ च्या ऑक्टोबरपासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि फोन जुगाऱ्यानेच करायला हवा असं नाही; बायकोने केला, आईने केला, तरी चालतो.