पाणमोटेचा पापुद्रा



घरी बाळंतपण झालं की सुईण परसात खड्डा खणून वार पुरायची. तो विटाळ म्हणून कुणी तिकडे बघायचंही नाही. त्याच वारेबरोबर पडणाऱ्या एका पातळ पापुद्र्याचा इतिहास आज आपण बघणार आहोत.

बाळ ज्या पाण्याच्या पिशवीत वाढतं, तिला आपण पाणमोट म्हणतो. तिचा आतला थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा, आरपार दिसणारा असतो. अमेरिकेत बाल्टिमोरच्या डॉ. जॉन डेव्हिस यांनी १९१० साली तो कातडीच्या जागी लावून पाहिला. १९१३ मध्ये इतर डॉक्टरांनी भाजलेल्या जखमांवर वापरला. या थराची कायमची कातडी होत नाही. पण जखम झाकली जाते, अंगातलं पाणी झिरपत नाही, जंतू कमी शिरतात, दुखणंही कमी होतं. खोल भाजलेल्या जागी बसवायला शस्त्रक्रिया करून मांडीची कातडी काढतात. त्या मांडीच्या जखमेवरही तो कामी येतो.

मग तो सगळीकडे का पोचला नाही? ताजा पापुद्रा टिकत नाही. शिवाय आईच्या रक्तातला आजार दुसऱ्याला होऊ शकतो. १९८० नंतर एड्स कळला आणि ही भीती आणखी वाढली.

यावर उपाय म्हणजे ऊतीपेढी. रक्तपेढीत रक्त ठेवतात, तसे इथे शरीराचे उपयोगी भाग ठेवतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ मध्ये अशी पेढी सुरू झाली. अशा पेढीत आधी आईची परवानगी घेतात. तिच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ, गरमी यांसाठी तपासणी करतात. मग पापुद्रा धुऊन, वाळवून, पाकिटात बंद करून गॅमा किरणांनी जंतू मारतात. असं पाकीट फ्रीजशिवायही टिकतं.

आपल्या गटांत चुलीचा चटका न बसलेली बाई सापडणार नाही. म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवू. भाजल्यावर राख, हळद, पेस्ट काही न लावता वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडायचं आणि दवाखाना गाठायचा. पापुद्रा हे घरी करायचं औषध नाही, तपासलेलाच वापरतात. आणि दवाखान्यात कुणी तो मागितला, तर विचारून, समजून घेऊन हो किंवा नाही म्हणायचा हक्क आपला आहे.

ज्याला आपण विटाळ म्हणून पुरलं, त्यानं कुणाची तरी जखम झाकली जाते. मग विटाळ कशाचा, मैत्रिणींनो?